एका पडद्यावर दोघं

कॉन्ट्रा या व्हिडिओ गेमची पहिली स्टेज आमच्या घरातली निम्मी माणसं आजही न बघता सांगतील. निळ्या विजारीचा आणि लाल विजारीचा असे दोन उघडेबंब सैनिक जंगलात वरून उतरतात. उजवीकडून शत्रू पळत येतात, त्यातले बहुतेक नुसते पळतच येतात. वरून एक उडती डबी जाते, ती फोडली की इंग्रजी अक्षर खाली पडतं आणि ज्याने ते उचललं त्याची बंदूक बदलते. मग पूल येतो. जवळ जाताच तो तुकड्या-तुकड्याने फुटत जातो. खाली पाणी. पाण्यात खालचं बटण दाबून धरलं की सैनिक बुडी मारतो, मग त्याला गोळी लागत नाही, पण त्यालाही झाडता येत नाही. शेवटी एक उंच भिंत, तिच्यावर दोन तोफा, अगदी वर एक नेमबाज आणि खाली तांबडं चमकणारं दार. ते दार फुटलं की जो स्फोटाचा आवाज व्हायचा तो थेट स्वयंपाकघरात पोहोचायचा, आणि आई किंवा काकू नेमक्या तेव्हा जेवायला हाक मारायच्या. मध्येच हाक मारून कोणी उठणार नाही हे त्यांना माहीत होतं. कोणता आवाज स्टेज संपल्याचा आणि कोणता कोणीतरी मेल्याचा, हे त्या पडद्याकडे न बघता ओळखायला शिकल्या होत्या.

आम्ही म्हणजे मे महिन्यात साताऱ्याच्या घरी जमणारी चुलत आणि आते भावंडं. पुण्याची दोघं, डोंबिवलीची तिघं, आणि बारा महिने तिथेच असणारे आम्ही. टीव्ही आजोबांच्या खोलीत होता, त्यामुळे आमचा सगळा खेळ सातच्या मराठी बातम्यांच्या आत आटपायचा असे. मशीन डोंबिवलीच्या काकांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिली कॉम्प्युटर नावाचं यंत्र विकायला काढलं, आणि त्याच्याच आतल्या रचनेवर बेतलेली स्वस्त यंत्रं पुढच्या दशकात आपल्याकडे गावोगाव पोहोचली. कोणाकडे समुराई, कोणाकडे मीडिया, तर कोणाकडे नाव नसलेलंच. मागची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घालायची, मुंग्यांमधून चित्र दिसेपर्यंत चॅनेल फिरवत राहायचं, आणि पिवळी कॅसेट बसवण्याआधी तिच्या पट्ट्यांवर जोरात फुंकर मारायची. या मशीनच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नसत. त्यामुळे पहिला रिमोट दादाकडे, दुसरा बाकीच्यांकडे आळीपाळीने, ही व्यवस्था कोणी न ठरवताच ठरली.

त्या कॅसेटींमध्ये खेळ पुष्कळ होते. यादी हजारोंची लिहिलेली असे आणि पानं उलटत गेलं की तेच दहा-बारा खेळ पुन्हा पुन्हा भेटत. मारिओ होता, रणगाड्यांचा होता, बदकांचा होता. मारिओत एकाची लाइफ जाईपर्यंत दुसऱ्याने हात बांधून बसायचं. कॉन्ट्रात दोघं एका वेळी, एकाच पडद्यावर. आज इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना मला या खेळाचं मोठेपण तिथेच दिसतं. त्याने दोन माणसांना एका चौकटीत ठेवलं आणि ती चौकट दोघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या मालकीची होऊ दिली नाही.

हे कसं घडतं ते नीट सांगायला हवं. सपाट स्टेजमध्ये पडदा फक्त उजवीकडे सरकतो आणि मागे कधीच येत नाही. दोघांपैकी एक जण डाव्या कडेला रेंगाळला तर पुढच्याने कितीही पळायचं ठरवलं तरी पडदा सरकत नाही. म्हणजे पुढे धावणाऱ्याला मागच्याची वाट बघावीच लागते, आणि वाट बघत उभं राहणं या खेळात फार धोक्याचं, कारण शत्रू संपत नाहीत, ते येतच राहतात. तिसऱ्या स्टेजमध्ये हा नियम उलटा होतो. तो धबधबा. इथे उजवीकडे जायचं नसतं, वर चढायचं असतं. एका कातळावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं, आणि जो वर गेला त्याच्यामागे पडदाही वर जातो. खाली राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला लागला की मेला. शत्रूची गोळी नाही, दगड नाही. बरोबरच्याने घाई केली म्हणून मेला.

धबधब्यावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पत्त्यांत कधी झाली नाहीत. दादा चपळ होता आणि त्याला थांबता येत नसे. त्याच्याबरोबर दुसरा रिमोट घेऊन बसलेला प्रत्येक जण धबधब्यात त्याच्यामुळे मेलेला आहे. मग मधल्या ताईने एक पद्धत काढली. उडी मारायच्या आधी मोठ्याने "हां" म्हणायचं, दुसऱ्याने "हां" म्हटल्याशिवाय उडायचं नाही. या दोन अक्षरांनी आमचा धबधबा सुटला. वर गेल्यावर तिथे तो भलामोठा राक्षसाचा पुतळा, दोन्ही हात नागमोडी हलवत आग फेकणारा. तो पहिल्यांदा फुटला तेव्हा आजीसुद्धा दारात येऊन उभी राहिली होती.

रन अँड गन म्हणजे धावत गोळ्या झाडत जाण्याचे खेळ पुष्कळ निघाले. त्यातले थोडेच लोकांच्या बोटांत राहिले, आणि त्याची कारणं शोधायला कॉन्ट्रा हा उत्तम नमुना आहे. एका गोळीत माणूस मरतो. ऊर्जेची पट्टी नाही, औषध नाही. असा नियम केला की खेळ अन्यायी वाटण्याची भीती असते. कॉन्ट्रात तसं वाटत नाही, कारण मरण कशामुळे आलं ते प्रत्येक वेळी कळतं. शत्रूच्या गोळ्या गोल, ठळक आणि बऱ्याच हळू असतात. त्या डोळ्यांनी दिसतात आणि त्यांच्यामधून वाट काढता येते. प्रत्येक शत्रूची एकच सवय: पळणारा पळतो, नेमबाज थांबून नेम धरतो, तोफ ठरावीक कोनांतच वळते. ती सवय एकदा कळली की ती शेवटपर्यंत बदलत नाही. खेळ आपल्याशी दगाबाजी करत नाही, हा विश्वास बसला की माणूस पुन्हा पुन्हा मरायला तयार होतो.

दुसरं, सैनिकाचं शरीर हाताच्या पूर्ण ताब्यात असतं. आठ दिशांना गोळी झाडता येते, पळतानाही आणि उडी मारतानाही. आडवं पडता येतं, मग गोळ्या डोक्यावरून जातात. कोलांटउडी मारत तो हवेत असताना त्याची दिशा बदलता येते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कोनामीचाच १९८६ चा कॅसलव्हेनिया घ्या. त्यात एकदा उडी मारली की मारली, हवेत काही करता येत नाही. त्या खेळाला तो जडपणा शोभतो. कॉन्ट्राला मात्र पळतं पाऊल हवं होतं, म्हणून त्याने हवेतही माणसाला मोकळं ठेवलं. ताई उडी मारून गोळी चुकवत परत मागे येऊन उतरायची. तेव्हा आम्ही तिच्या बोटांकडे बघायचो, पडद्याकडे नाही.

आणि तिसरं, बंदुका. एम म्हणजे मशीनगन, बटण दाबून ठेवलं की चालू. एफ म्हणजे गिरक्या घेत जाणारा आगीचा गोळा, दिसायला छान पण कामाला संथ. एल म्हणजे लेझर, नेम चुकला नाही तर जबरदस्त. पण दुसऱ्यांदा बटण दाबलं की आधीचा किरण तिथेच नाहीसा होऊन नवा सुरू होतो. आमच्या रिमोटवर टर्बोची जादा बटणं होती, आणि टर्बो दाबून लेझर चालवला तर किरण बंदुकीच्या तोंडातून धड बाहेरच पडायचा नाही. एल दिसला की सगळे ओरडत, "नको घेऊ, नको घेऊ!" आणि मग एस. एस घेतला की एका वेळी पाच गोळ्या सुटतात, हाताची बोटं फाकवावीत तशा. लांबून झाडलं तर पाचांतली एखादीच शत्रूला लागते, बाकीच्या इकडेतिकडे जातात आणि आजूबाजूची जागा साफ करतात. पण बॉसच्या अगदी अंगाला जाऊन झाडलं तर पाचही लागतात, आणि बॉस पाहता पाहता संपतो. जवळ जाणं धोक्याचं, जवळ जाण्यातच फायदा. मेलं की हातातली बंदूक गेली आणि पुन्हा साधी हातात आली. एका अक्षरात धाडस, लोभ आणि भीती अशी तिन्ही बांधलेली होती.

या सगळ्यामागचं यंत्र किती तुटपुंजं होतं हे मला मोठेपणी वाचताना कळलं आणि खेळ करणाऱ्यांबद्दलचा आदर वाढला. फॅमिली कॉम्प्युटरकडे कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. पडद्यावर एका वेळी हलणाऱ्या आकृत्यांचे ६४ तुकडे मावत आणि एका आडव्या ओळीत फक्त ८. त्याहून जास्त झाले की यंत्र उरलेले दाखवतच नाही. म्हणून खेळ लिहिणारे दर क्षणी वेगवेगळे तुकडे वगळत, जेणेकरून कोणतीच आकृती कायमची गायब होऊ नये. दोघांकडे एस असला आणि समोर गर्दी झाली की गोळ्या लुकलुकत, त्या यामुळे. आवाजासाठी पाच वाहिन्या, आणि त्यातच ढोल, बास आणि सूर बसवायचे. हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांनी त्या पाच वाहिन्यांत जंगलाच्या स्टेजचं जे संगीत बसवलं ते साताऱ्याच्या त्या घरात भांडी घासतानाही कोणीतरी गुणगुणत असे.

मूळ कॉन्ट्रा कोनामीने १९८७ मध्ये व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या यंत्रासाठी केला होता. त्याचा पडदा उभा होता. घरच्या यंत्रावर तो १९८८ मध्ये आला. सहसा पार्लरमधला खेळ घरी आला की फिका पडतो, पण कॉन्ट्राचं उलटं झालं. आडव्या पडद्यामुळे समोरचं जास्त दिसू लागलं आणि स्टेज नव्याने रचल्या गेल्या. पार्लरमध्ये खेळाचं एक काम नाणं खाण्याचं असतं. घरी नाण्याचा प्रश्न नाही, तिथे खेळाला माणसाला बसवून ठेवावं लागतं. शिकत गेलं तर आठही स्टेज अर्ध्या तासाच्या आसपास संपतात. दोन भावंडांनी एका दुपारी बसून आख्खं काहीतरी पूर्ण करावं, एवढाच त्याचा आवाका आहे. मला तो अगदी नेमका वाटतो.

पार्लरही आम्ही पाहिलं. पोवई नाक्याजवळच्या एका अंधाऱ्या गाळ्यात दोन-तीन यंत्रं होती, त्यात मुस्तफा नावाने ओळखला जाणारा खेळ, आणि नंतर १९९६ चा मेटल स्लग आला. मेटल स्लगची चित्रं हाताने ठिपका ठिपका भरून काढलेली, इतकी सुंदर की नुसतं बाजूला उभं राहून बघावं. दाढीवाल्या कैद्याला सोडवलं की तो सलाम ठोकून पळतो, रणगाडा टुणकन उडी मारतो, शत्रू जवळ आला तर आपला सैनिक आपोआप सुरा चालवतो. त्या खेळाला मी मनापासून थोर मानतो. पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशातली नाणी वेगळी होती आणि प्रत्येक जण आपल्या नाण्यापुरता खेळत होता. मुलींना तर त्या गाळ्यात जायलाच परवानगी नव्हती. ताई घरी आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू आणि पार्लरमध्ये तिने कधी पाऊलही टाकलं नाही, हे मला आजही लागतं.

घरच्या कॉन्ट्रात दुसऱ्याचं आपल्याला घेता यायचं. एकाच्या लाइफ संपल्या की तो ए बटण दाबून दुसऱ्याच्या साठ्यातली एक लाइफ उचलू शकतो. त्याला विचारावं लागत नाही. खेळाने चोरीची मुभाच दिली होती म्हणा, किंवा दानाची. कोण कसं वागतो ते इथे कळायचं. धाकटा आतेभाऊ सगळ्यात लवकर मरायचा आणि मग रिमोट मांडीवर ठेवून गप्प बसायचा. मागायचा नाही, घ्यायचाही नाही. पुण्याचा दादा त्याच्याकडे न बघता म्हणायचा, "घे रे, माझ्याकडे दोन आहेत." तो दोन म्हणायचा तेव्हा बऱ्याचदा एकच असायची. वर कोपऱ्यात पदकांसारखी चिन्हं असत आणि ती सगळ्यांना दिसत, तरी कोणी बोलायचं नाही.

तीस लाइफचं गुपित आम्हाला डोंबिवलीहून मिळालं. खेळाच्या सुरुवातीला वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, आणि स्टार्ट. दोघांसाठी हवं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हे जगभर कोनामी कोड म्हणून ओळखलं जातं. ते काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ग्रॅडियस या अंतराळयानाच्या खेळासाठी घातलं होतं. खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच पार होईना, म्हणून त्यांनी ही सोय केली आणि ती आत राहिली. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. बातमी आली त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, फक्त एकामागून एक सगळ्यांनी ते बाण पाठवले. कित्येक कॅसेटींवर तीस लाइफचा कॉन्ट्रा वेगळा लिहिलेलाच असायचा. काही जण तीस लाइफला लबाडी म्हणतात. मला ते पटत नाही. तीन लाइफमध्ये लहानगे चौथ्या स्टेजच्या पुढे कधी पोहोचले नसते. बर्फ, आगीच्या ज्वाळांची स्टेज, शेवटचं ते मांसल गुहेसारखं परक्या जीवांचं बिळ आणि त्यात धडधडणारं हृदय, हे सगळं त्यांनी पाहिलं ते तीस लाइफमुळे. मोठे झाल्यावर त्यांनी तेच तीन लाइफमध्ये केलं, वाट आधीच माहीत असल्यामुळे.

या खेळात मध्येच खेळ जतन करून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं गेलं. सातव्या स्टेजला दिवे गेले तर पंखा थांबायच्या आत खोलीत एक सामूहिक किंकाळी उठायची. मग गच्चीवर जाऊन आम्ही तोंडीच उरलेला खेळ संपवायचो: तू डाव्या बाजूचा घे, मी वरचा घेतो, आता आडवा पड. हे इतकं तपशीलवार चालायचं की शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, पोरं नाटक बसवतायत का.

आजच्या खेळांत हे सगळं संपलं असं मी मुळीच म्हणणार नाही. २०१७ मध्ये कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या दोन भावांनी कपहेड काढला. १९३०च्या दशकातल्या कार्टूनपटांसारखी हाताने काढलेली चित्रं, आणि आत तोच जुना नियम: दोघं, एक पडदा, धावा, झाडा, समोरच्याची सवय ओळखा. कॉन्ट्रासारख्या खेळांवर वाढलेल्या भावांनी तो केला आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्यात जोडीदार मेला की त्याचा जीव वर तरंगत जातो आणि तो पडद्याबाहेर जाण्याआधी उडी मारून त्याला वाचवता येतं. लाइफ उचलण्याच्या त्या जुन्या कल्पनेपेक्षा मला ही सरस वाटते, कारण इथे वाचवणाऱ्याला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो. कोनामीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून पुन्हा काढले, तेही आमच्याकडे आले. आता दिवाळीत भाचे-पुतणे खाली सतरंजीवर असतात आणि सोफ्यावरून सूचना देणारे आम्ही. नव्या संचात हवं तिथे खेळ जतन करता येतो. मुलं ते बिनदिक्कत वापरतात आणि वापरावंच. ताईची मुलगी मात्र धबधब्यात कोणी न शिकवता "हां" म्हणते, आईचं ऐकून ऐकून.

एक वाद तेवढा अजून मिटलेला नाही. पडद्यावर एकच एस पडला तर तो कोणी घ्यायचा? दादा म्हणतो, जो चांगला खेळतो त्याने, म्हणजे तो जास्त वेळ टिकतो आणि बंदूक वाया जात नाही. ताई म्हणते, जो कच्चा आहे त्याला द्यायचा. मी ताईच्या बाजूचा आहे, आणि त्यामागे माया कमी आणि हिशेब जास्त आहे. कच्च्या खेळाडूचा नेम लागत नाही. पाच गोळ्या फाकतात तेव्हा त्याला नेम धरावाच लागत नाही, नुसतं पुढे तोंड करून झाडत राहिलं तरी समोरची गर्दी पातळ होते. पक्का खेळाडू साध्या बंदुकीवरही स्टेज काढतो. फक्त बॉस आला की कच्च्याला पुढे पाठवायचं, अगदी भिंतीला चिकटून उभं राहायला सांगायचं, आणि तोफा आपण मागे राहून फोडायच्या. दादा यावर दर वेळी म्हणतो, "आणि तो मेला तर?" ताई म्हणते, "मग दुसरा एस येईलच की पुढे." मग दोघंही उठतात आणि मुलांच्या हातातले रिमोट मागायला लागतात.